‘नेमके काय पाहिले?’ : प्राण्यांच्या छळाची तक्रार घेणाऱ्या एका हेल्पलाइनचा अनुभव

एखाद्या प्राण्याचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा संशय आल्यास तक्रार नोंदवून घेणाऱ्या एका हेल्पलाइनशी गेल्या वर्षभरात माझा दोनदा संबंध आला. एकदा माझा संशय खरा ठरला आणि एकदा साफ चुकला. दोन्ही वेळा फोनवर मिळालेली वागणूक उत्तम होती, दोन्ही वेळा ऑनलाइन अर्जाने जीव मेटाकुटीला आणला, आणि तक्रारीचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी दोन्ही वेळा मलाच पाठपुरावा करावा लागला. संस्थेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. अशा सेवा ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांपैकी एकीला शाबासकी किंवा दूषण देण्यापेक्षा अशी सेवा कशावरून पारखावी हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

माझ्या मागच्या खिडकीतून शेजारच्या घराचे आवार दिसते. त्या आवारात तांबूस रंगाचा, मध्यम उंचीचा एक कुत्रा साखळीने बांधलेला असे. साखळी फार तर दोन मीटरची असेल. खुंट्याभोवतीची जमीन तिच्या टोकापर्यंत उघडी पडली होती आणि त्यापलीकडे गवत वाढलेले होते. दोहोंमधली रेषा कंपासने आखल्यासारखी स्पष्ट होती. पाण्याचे भांडे बहुतेक वेळा उपडे असे, आणि सरळ असेल तेव्हा त्याच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ दिसे. हे सारे मला दिसत होते, तरीही फोन करायला मी तीन आठवडे घेतले. दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसावे, आपला गैरसमज असला तर काय, उद्या समोरासमोर आलो तर तोंड कसे दाखवावे, असे विचार मनात येत राहिले. ज्यांनी अशी तक्रार कधी केली आहे त्यांना ही टाळाटाळ ओळखीची वाटेल.

शेवटी फोन केला तेव्हा मी बरेच काही बोलायचे ठरवले होते: मालक किती निर्दय आहे, कुत्रा किती केविलवाणा दिसतो, रात्री त्याचे विव्हळणे ऐकून झोप कशी लागत नाही. पलीकडच्या बाईंनी मला एक मिनिटभर बोलू दिले आणि मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटते ते मी लिहून घेतले. आता नेमके काय पाहिले ते सांगा.” या एका वाक्यावर त्या सेवेची निम्मी गुणवत्ता उभी आहे, असे माझे मत झाले आहे.

त्यानंतरचे प्रश्न असे होते. कुत्र्याच्या बरगड्या दुरून मोजता येतात, की अंग हलले की तेवढ्यापुरत्या दिसतात? पाठीचा कणा आणि कमरेची हाडे वर आलेली आहेत का? उभे राहताना तो सगळ्या पायांवर भार देतो का? तो स्वतःला चाटतो का, की नुसता पडून असतो? भांड्यात पाणी ओतताना तुम्ही कोणाला शेवटचे कधी पाहिले? तुम्ही किती वाजता पाहता, आणि ज्या वेळी पाहत नाही त्या वेळी कोणी येऊन जात असेल हे शक्य आहे का? हा शेवटचा प्रश्न मला तेव्हा झोंबला, कारण मालकाची बाजू घेतल्यासारखा तो वाटला. नंतर लक्षात आले की मी पाहत असे ते फक्त सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर. मधल्या अकरा तासांबद्दल मी छातीठोकपणे बोलत होते, पण त्याला काहीच आधार नव्हता.

बरगड्यांच्या प्रश्नामागे एक रूढ मोजपट्टी आहे. पशुवैद्य कुत्र्यामांजरांचा बांधा 1 ते 9 अशा अंकांत मोजतात. कुत्र्यांत 4 आणि 5 हे अंक चांगल्या प्रकृतीचे. तेव्हा बरगड्या हाताला सहज लागतात पण उठून दिसत नाहीत, आणि वरून पाहिले तर कंबर जाणवते. 1 म्हणजे हाडांवर ओढलेली कातडी. घोड्यांसाठी अशीच नऊ अंकांची वेगळी पट्टी 1983 पासून वापरात आहे. तक्रारदाराने अंक सांगावा अशी अपेक्षा कोणी करत नाही, पण दुरून काय दिसते हे त्याने नीट सांगितले की ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येतो. ‘बिचारा फार खंगला आहे’ या वाक्यातून तसा अंदाज बांधता येत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. त्या बाईंनी मला एक वही घालायला सांगितली. रोज ठरावीक दोन वेळा पाहायचे आणि तारीख, वेळ व दिसलेली गोष्ट एवढेच लिहायचे. मत लिहायचे नाही. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की मारहाण एका क्षणात घडते आणि तिला साक्षीदार लागतो, पण हेळसांड काळात घडते आणि तिचा पुरावाही काळच असतो. पुढे मला भेटलेल्या निरीक्षकांनी हीच गोष्ट उदाहरणांनी समजावली. घोड्याचा खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. त्यामुळे एखाद्या घोड्याचे किंवा गाढवाचे खूर चपलेच्या टोकासारखे वर वळलेले दिसले, तर ‘गेला आठवडाभरच लक्ष देता आले नाही’ ही मालकाची सबब तिथेच कोसळते. ते खूर कित्येक महिन्यांचा हिशेब सांगत असतात. लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर जटांचे कवच झाले असेल किंवा नख्या वळून तळव्यात रुतल्या असतील, तर तेही एका आठवड्याचे काम नव्हे. उलट जखमेत अळ्या दिसल्या तर तेवढ्यावरून फार जुने दुर्लक्ष सिद्ध होत नाही, कारण उष्ण हवेत माशीच्या अंड्यांतून एका दिवसाच्या आतही अळ्या बाहेर पडतात. ती स्थिती तातडीची खरी, पण तिच्यामागे महिन्यांचे दुर्लक्ष असेलच असे नाही. हा फरक मला माहीत नव्हता, आणि बहुतेकांना तो माहीत नसावा.

काय करू नये हेही मला त्याच फोनवर सांगितले गेले, आणि त्यातल्या दोन गोष्टी मी अगदी करण्याच्या बेतात होते. एक म्हणजे कुंपणावरून त्याला पोटभर खायला टाकणे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम भरपूर खाऊ घातले की रक्तातील फॉस्फरससारखी द्रव्ये झपाट्याने घटतात, आणि त्यातून हृदय व श्वसन बिघडून जनावर दगावू शकते. म्हणून अशा जनावराला पशुवैद्याच्या देखरेखीखाली थोडे थोडे करून अन्नावर आणतात. दुसरी म्हणजे त्याचा व्हिडिओ काढून सगळीकडे पसरवणे. असा व्हिडिओ आधी मालकापर्यंत पोहोचतो, आणि निरीक्षक येईपर्यंत जनावर दुसरीकडे हलवलेले असते. आवारात शिरून साखळी सोडण्याचा मोहही अनेकांना होतो. त्यात चावा बसण्याची भीती आहेच, शिवाय तक्रारदारच गुन्हेगार ठरतो आणि जनावर कोणत्या अवस्थेत सापडले हे नंतर कोणी निर्विवादपणे सांगू शकत नाही. फोटो काढायचे तर आपल्या जागेतून किंवा रस्त्यावरून काढावेत आणि मूळ फाइल तशीच ठेवावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

नाव सांगावे की नाही या प्रश्नावर त्या बाई गुळमुळीत बोलल्या नाहीत, हे मला आवडले. निनावी तक्रार आणि नाव गुप्त ठेवलेली तक्रार यांत फरक आहे. निनावी तक्रारीत संस्थेलाच तुमचे नाव माहीत नसते, त्यामुळे पत्ता सापडला नाही किंवा एखादी गोष्ट पुन्हा विचारायची झाली तर वाट बंद होते. गुप्त तक्रारीत संस्थेकडे नाव असते, पण ते मालकाला सांगितले जात नाही. मात्र प्रकरण न्यायालयात गेले आणि तुमच्या साक्षीवाचून अडले, तर नाव उघड होऊ शकते, आणि त्याआधी तुम्हाला विचारले जाईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ‘नाव कधीच बाहेर येणार नाही’ असे ठणकावून सांगणाऱ्या सेवेपेक्षा मला हे उत्तर अधिक विश्वासाचे वाटले.

एवढी सुज्ञ माणसे फोनवर बसवणाऱ्या संस्थेचा ऑनलाइन अर्ज कोणी तयार केला असेल, याचे मला अजून कोडे आहे. फोननंतर फोटो पाठवण्यासाठी तो भरावाच लागतो. त्यात मालकाच्या पूर्ण नावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी अट आहे, जणू माणूस तक्रारीआधी शेजाऱ्याची कुंडली काढून बसतो. फोटो तेव्हा एकच जोडता येत होता. माझ्याकडे सतरा दिवसांच्या नोंदी होत्या आणि अर्जातल्या चौकटीत पाचशे अक्षरे मावत होती. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे ‘क्रूरतेचा प्रकार’ या रकान्यातले पर्याय: मारहाण, विषप्रयोग, झुंजी लावणे, अतिश्रम करून घेणे, आणि इतर. पाणी न देणे, उपचार न करणे, जन्मभर दोन मीटरच्या साखळीवर ठेवणे हे सगळे ‘इतर’मध्ये.

हा दोष केवळ अर्ज तयार करणाऱ्याचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण क्रूरता म्हणजे उगारलेला हात ही समजूत जुनी आहे. ब्रिटनच्या संसदेने 1822 मध्ये रिचर्ड मार्टिन यांच्या पुढाकाराने जो कायदा केला, त्यात घोडे, गुरे, मेंढ्या यांना निर्दयपणे मारणे व छळणे याला शिक्षा होती. कुत्री त्यात नव्हतीच, ती 1835 च्या कायद्यात आली. 1824 मध्ये लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने, जी पुढे राजाश्रय मिळून आरएसपीसीए झाली, पाहणीसाठी माणसे नेमली तीही बाजारात व रस्त्यावर दिसणारा छळ पकडण्यासाठी. कुंपणाआड काहीही न करता होणारा छळ मोजायला भाषा लागते, आणि ती बरीच नंतर आली. 1965 मध्ये शेतीसाठी पाळलेल्या जनावरांची स्थिती तपासणाऱ्या ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने म्हटले की जनावराला निदान उभे राहता, आडवे होता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत. त्यातून 1979 मध्ये ‘पाच स्वातंत्र्ये’ आकाराला आली: भूक व तहान यांपासून, गैरसोयीपासून, वेदना, इजा व रोग यांपासून, भीती व क्लेशापासून मुक्तता, आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक. अर्जातल्या रकान्यात हेच पाच पर्याय ठेवले असते तर माझा कुत्रा पाचही ठिकाणी बसला असता. माझा म्हणते आहे, पण तो माझा कधीच नव्हता.

अर्ज पाठवल्यावर निरीक्षक तिसऱ्या दिवशी आले. तीन दिवस मला तेव्हा फार वाटले आणि मी दुसऱ्या दिवशी चिडून फोनही केला. त्यावर मला तक्रारींचा क्रम कसा लावतात हे सांगितले गेले. जीव आत्ताच्या आत्ता धोक्यात असेल, तर तासाभराचाही विलंब नको; उदाहरणार्थ उन्हात बंद मोटारीत ठेवलेले जनावर. मोटारीच्या आतली हवा जेवढी तापायची त्यातला बहुतांश भाग पहिल्या अर्ध्या तासातच तापून जातो, काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, आणि कुत्र्याला घामाने अंग थंड करता येत नसल्यामुळे धापा टाकणे एवढाच उपाय त्याच्यापाशी असतो. अशा वेळी हेल्पलाइनची वाट न पाहता पोलिसांना किंवा आपत्कालीन सेवेला कळवावे असे हेल्पलाइनवाले स्वतःच सांगतात. उठून चालणारा, अधूनमधून पाणी मिळणारा, पण खंगलेला कुत्रा त्यानंतरच्या पायरीवर येतो. युक्तिवाद मला पटला. खिडकीतून पाहत असताना तो पटवून घेणे मात्र जड गेले.

माझ्या नोंदींमध्ये सहा ठिकाणी ‘मान एका बाजूला कलती, मागच्या पायाने गळा खाजवतो, गळ्याभोवती माश्या’ असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. गोचीड असतील असे वाटले होते. निरीक्षकांनी जवळ जाऊन पाहिले तेव्हा गळ्याचा पट्टा दिसतच नव्हता. पिल्लू असताना घातलेला पट्टा कोणी कधी सैल केला नव्हता, मान वाढत गेली आणि पट्टा कातडीत रुतत गेला. वरून मांस धरले होते आणि साखळीची कडी तेवढी बाहेर होती. त्याच दिवशी कुत्र्याला पशुवैद्याकडे नेऊन भूल देऊन तो पट्टा कापून काढावा लागला. माझ्या नोंदी कागदपत्रांना जोडण्यासाठी निरीक्षक सहीला आले, तेव्हा त्यांनी हे सांगितले. मालकाबद्दल त्यांनी फारसे सांगितले नाही, फक्त एवढेच म्हणाले की तिथे माणसालाही मदतीची गरज होती आणि तसे योग्य त्या ठिकाणी कळवले आहे.

या वाक्याने माझा बराच राग उतरला. ज्या घरात जनावराचे हाल होतात त्या घरात माणसाचे बरे चाललेले असेलच असे नाही, हे पाहणीला जाणारी माणसे जाणतात. न्यू यॉर्कमध्ये 1874 साली मेरी एलन विल्सन या लहान मुलीची मारहाणीतून सुटका झाली, ती प्राण्यांच्या रक्षणासाठी संस्था काढणाऱ्या हेन्री बर्ग यांच्याकडे दाद मागितल्यामुळे. त्यानंतर तिथे मुलांच्या रक्षणाची वेगळी संस्था उभी राहिली. जनावरासाठी ठोठावलेल्या दारामागे म्हातारपण, आजार, व्यसन, घरातली मारहाण यांपैकी काहीही असू शकते, आणि चांगला निरीक्षक तिकडेही डोळे उघडे ठेवतो. माझ्या प्रकरणात कोणाला तुरुंगात टाकले गेले नाही. लेखी सूचना, ठरावीक मुदत, पुन्हा पाहणी, अशा पायऱ्या झाल्या आणि शेवटी मालकाने स्वखुशीने कुत्र्याचा ताबा सोडला. काही वाचकांना हे मिळमिळीत वाटेल. मला वाटले नाही.

दुसरी तक्रार एका मांजराची होती, आणि तिच्यात मी साप म्हणून भुई धोपटली. ओळखीच्या एका घरात मला हाडांचा सापळा झालेले एक म्हातारे मांजर दिसले. केस विस्कटलेले, डोळे मोठे, सतत भांड्याशी घुटमळणारे. पहिल्या अनुभवाने शहाणी झालेली मी लगेच फोन केला. पाहणीत निघाले ते असे की त्या मांजराला थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील होण्याचा विकार होता, जो म्हाताऱ्या मांजरांत नेहमी आढळतो आणि ज्यात भरपूर खाऊनही जनावर झडत जाते. त्याचे औषध चालू होते आणि मालकिणीकडे तपासण्यांची जाडजूड फाइल होती. मला वाटले आता हेल्पलाइनवाले मला सुनावतील. त्याऐवजी मला सांगण्यात आले की संशय प्रामाणिक असेल आणि जे पाहिले तेच सांगितले असेल, तर तक्रार खोटी ठरत नाही. खरेखोटे ठरवणे हे पाहणाऱ्यांचे काम आहे. त्यांनी त्या मालकिणीकडे माझे नावही उघड केले नाही. चुकलेल्या तक्रारदाराला ही माणसे कशी वागवतात, यावर पुढच्या वेळी तो फोन उचलणार की नाही हे ठरते, म्हणून या प्रसंगाचे गुण मी पहिल्या प्रसंगाइतकेच देते.

अशाच शंकेचे निरसन कुत्र्याच्या बाबतीत कसे झाले, हे मला पुढे कळले. तो आजारामुळे खंगला होता की उपासमारीमुळे, याचे उत्तर शोधण्याची साधी पद्धत म्हणजे रक्त वगैरे तपासून, ठरलेला आहार देऊन, दर आठवड्याला वजन करणे. विशेष औषधोपचाराशिवाय नुसत्या नियमित अन्नावर वजन भराभर वाढले, तर दुखणे पोटात नसून भांड्यात होते हे कागदावर सिद्ध होते. त्याचे तसे वाढले.

पण हे कळायला मला चार फोन करावे लागले, आणि सेवेची खरी उणीव इथेच आहे. तक्रार क्रमांक मिळतो, तो टाकला की ‘प्रक्रियेत’ एवढाच शब्द दिसतो, आणि हाच शब्द मी नऊ आठवडे पाहिला. मालकाची खाजगी माहिती तक्रारदाराला देता येत नाही, हे मान्य आहे आणि योग्यही आहे. तरीही ‘पाहणी झाली’, ‘जनावरावर उपचार सुरू आहेत’, ‘आणखी कारवाईची गरज आढळली नाही’, अशा तीन-चार ठरीव वाक्यांपैकी एक पाठवायला कोणाची गुप्तता आड येते? ज्याला काहीच कळत नाही तो असे धरून चालतो की काहीच झाले नाही, आणि मग तो तेच कुंपण ओलांडायला निघतो जे ओलांडू नको असे त्याला पहिल्या फोनवर सांगितलेले असते. फोनवरच्या माणसांना पाचपैकी पाच, निरीक्षकांना साडेचार, अर्जाला एक आणि कळवण्याच्या पद्धतीला शून्य, असा माझा हिशेब आहे. सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण संकटातल्या जनावराच्या वाट्याला त्यांपैकी पहिले दोनच येतात.

अर्जातल्या ‘इतर’बद्दल मी संस्थेला सविस्तर लेखी कळवले होते. आठ दिवसांत आभाराचे पत्र आले आणि सूचना संबंधित विभागाकडे पाठवल्याचे त्यात म्हटले होते. हे लिहायला बसण्याआधी मी तो अर्ज पुन्हा उघडून पाहिला. आता त्यात तीन फोटो जोडता येतात. मालकाचे नाव अजूनही सक्तीचे आहे, आणि दुर्लक्ष अजूनही ‘इतर’मध्येच आहे.